पुंछमधल्या ९ वर्षांच्या पोराच्या पायाचं ऑपरेशन, मार्ग सांगा (पैसे आत्ता मागत नाहीये)

गडहिंग्लजची_सून
नमस्कार मंडळी. बरंच लिहिणार आहे, कृपया शेवटपर्यंत वाचा आणि जमेल ते सांगा.

माझे मिस्टर फौजेत आहेत. ते कुठे आहेत, कोणत्या युनिटला आहेत ते लिहिणार नाही, विचारूही नका. पुंछ जिल्हा एवढंच. त्यांच्या ओळखीचं तिथलं एक कुटुंब आहे, वडील सुतारकाम करतात, आई घरीच, दोन मुली आणि हा एक मुलगा, ९ वर्षांचा. ७ मे २०२५ ला पहाटे पुंछवर तोफगोळे पडायला लागले ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आपण इथं मॉक ड्रिलचे मेसेज फॉरवर्ड करत होतो तेव्हा ही माणसं जिन्याखाली बसली होती. एक गोळा अंगणाच्या भिंतीजवळ पडला आणि ह्याच्या उजव्या पायात छर्रे घुसले, गुडघ्याच्या खाली. नडगीचं हाड चुरा झालं. त्याला बापानं दारावर झोपवून नेलं, म्हणजे खरंच दारावर, अर्धवट बनवलेलं दार दुकानात होतं ते स्ट्रेचर केलं.

तिथून जम्मूला हलवलं, पाय वाचवला हे त्या डॉक्टरांचे उपकारच. बाहेरून सळ्या लावल्या (फिक्सेटर), तीन वेळा जखम साफ केली. १० मे ला संध्याकाळी गोळीबार थांबला, बातम्या थांबल्या, पण ह्याचं सगळं तिथून सुरू झालं. पू थांबत नव्हता. मधे सळ्या काढल्या, प्लास्टर झालं, परत पू. आता हाड मधे जुळलेलंच नाही, पाय आखूड झालाय आणि पाऊल खाली लोंबतं, वर उचलत नाही. शेवटचे डॉक्टर म्हणाले मोठं ऑपरेशन लागेल, रिंगवालं, आणि ते वर्षभर चालेल. हे ऐकून आई-बापानं फाईल बांधून ठेवली आणि घरी आले. चार महिने झाले पोरगं खाटेवर आहे.

मिस्टर सुट्टीवर आले तेव्हा मोबाईलवर एक्सरेचे फोटो घेऊन आले. मला म्हणाले कोल्हापुरात एवढे डॉक्टर आहेत, कुणाला तरी दाखव. मी दोन ठिकाणी गेले. एका ठिकाणी रिसेप्शनवरूनच परत पाठवलं, पेशंट आणा म्हणाले. दुसरीकडे साडेतीन लाखाचा आकडा तोंडी सांगितला, कागदावर काही दिलं नाही.

माझ्या मनात असं आहे की त्याला आणि त्याच्या आईला इकडं कोल्हापूरला आणावं. माझ्याकडं खालची खोली रिकामी आहे, न्हाणीघर वेगळं आहे, वर्षभर राहू देत. ऑपरेशन कुठं करावं, खर्चाची सोय कशी लावावी, कुणी अशी केस बघितली आहे का, ते सांगा.

मंगळवारपेठ
ताई, वाचून जीव खालीवर झाला. आमच्या तालमीची पोरं आहेत, स्टेशनवरनं उचलून आणायचं, रक्त द्यायचं, रात्री हॉस्पिटलात झोपायचं, कधीही हाक मारा. गणपतीच्या वर्गणीतलं काही शिल्लक आहे ते पण बैठकीत विषय काढतो.

डॉ_करवीर
मी ऑर्थोपेडिक्समध्ये आहे. मोबाईलच्या फोटोवरून निदान करणार नाही, पण काय चाललं असावं ते समजावून सांगतो म्हणजे पुढचे प्रश्न नीट विचारता येतील.

गाडीवरून पडून मोडलेलं हाड आणि गोळ्याच्या छर्‍यानं मोडलेलं हाड ह्यात फार फरक आहे. छर्रा एकटा आत जात नाही. कापड, माती, भिंतीचा चुना सगळं घेऊन जातो आणि आजूबाजूचं मांस मारत जातो. म्हणून अशी जखम लगेच शिवत नाहीत, उघडी ठेवून परत परत साफ करतात. तीन वेळा साफ केली हे बरोबरच केलं त्यांनी. तरी हाडाचा एखादा तुकडा मेलेला राहिला की त्यात जंतू घर करतात, गोळ्या-इंजेक्शनचं औषध तिथं पोचतच नाही कारण मेलेल्या हाडात रक्त नाही. पू येत राहतो तो त्यामुळं. तो तुकडा काढल्याशिवाय पुढं काही नाही. आणि काढला की हाडात खिंडार पडतं.

ते खिंडार भरायला रिंगवालं ऑपरेशन, म्हणजे इलिझारोव्ह. सैबेरियात कुर्गान गावी हे डॉक्टर होते, दुसर्‍या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांची न जुळलेली हाडं त्यांच्याकडं यायची, त्यातून ही पद्धत निघाली. पायाभोवती कड्या, त्यातून बारीक तारा हाडात. मग चांगल्या हाडाला एका जागी कापतात, आठवडाभर थांबतात आणि नट फिरवत फिरवत तो तुकडा रोज १ मिलिमीटर सरकवतात, पाव-पाव मिलिमीटर दिवसातून चार वेळा. मागं नवीन हाड तयार होत जातं. ५ सेंटिमीटर खिंडार असेल तर नुसतं सरकवायलाच ५० दिवस, आणि नवीन हाड कडक व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ. तोवर कड्या पायावर.

हे नट घरचं माणूस फिरवतं, डॉक्टर नाही. तारा जिथं कातडीतून आत जातात ती जागा रोज साफ करायची. म्हणजे निम्मं ऑपरेशन आईच्या हातात असतं असं समजा.

लहान मुलात एक चांगलं आणि एक वाईट. चांगलं, हाड लवकर धरतं. वाईट, हाडाच्या टोकाला वाढीची पट्टी असते, पायाची निम्म्याहून जास्त वाढ गुडघ्याच्या आसपासच्या पट्ट्यांतून होते, तिला छर्रा लागला असेल तर आज सरळ केलेला पाय १४ व्या वर्षी परत वाकडा किंवा आखूड. म्हणजे हे एका ऑपरेशनचं काम नाही हे घरच्यांना आत्ताच सांगा.

मला हवं आहे ते: सुरुवातीपासूनच्या सगळ्या एक्सरेच्या फिल्म, डिस्चार्ज कार्डं, पुवाचा कल्चर रिपोर्ट (त्यात कुठले जंतू आहेत ते सांगणारा). आणि एमआरआय करायला कुणी सांगितलं तर आत छर्रे आहेत हे आधी ओरडून सांगा. लोखंडी छर्रा त्या मशीनच्या चुंबकात हलू शकतो.

गडहिंग्लजची_सून
डॉक्टर, तुमचं उत्तर मिस्टरांना वाचून दाखवलं फोनवर. कल्चर रिपोर्ट आहे का ते बघायला सांगितलंय. पाऊल लोंबतं त्याचं काय? ते पण होईल का नीट?

डॉ_करवीर
ती नस. छर्‍यानं तुटली आहे, भाजली आहे का दबली आहे त्यावर अवलंबून. नस वाढते ती पण साधारण रोज १ मिलिमीटरनंच, आणि वर्ष-दीड वर्षात ती स्नायूपर्यंत पोचली नाही तर स्नायू मग साथ देत नाही. म्हणून घाई हाडापेक्षा ह्याची जास्त आहे. त्यात नाहीच जमलं तर मागच्या बाजूचा चालू असलेला स्नायू पुढं वळवून बसवायचं ऑपरेशन असतं, पोरं त्यावर चांगली चालतात. पण तोपर्यंत पावलाला स्प्लिंट (पाऊल सरळ धरून ठेवणारा आधार) लावा आजच. खाटेवर चार महिने तसंच लोंबत ठेवलं तर टाच वर ओढली जाते आणि घोट्याचं कायमचं दुखणं होतं. हे काम काही हजारात होतं आणि जम्मूतही होतं. वाट बघू नका ह्यासाठी.

कागदवाला
मी पंधरा वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंगमधे काम केलंय, आता रिटायर. पैशाचं सांगतो.

जम्मू-काश्मीरच्या रहिवाशाला आयुष्मानचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, तिथं त्याला सेहत म्हणतात, २६ डिसेंबर २०२० ला सुरू झालं, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. आणि ते देशात कुठल्याही यादीतल्या हॉस्पिटलात चालतं. तर पहिलं काम कार्ड निघालंय का बघणं. पोराचं नाव त्यात जोडलंय का हे वेगळं बघा, बर्‍याच वेळा बापाचं असतं आणि मुलाचं राहून जातं.

दुसरं. सीमेपलीकडच्या गोळीबारात जखमी झालेल्या नागरिकांसाठी केंद्र सरकारची मदत योजना आहे, मृत्यू किंवा ५० टक्के व त्याहून जास्त कायमचं अपंगत्व असेल तर ५ लाख. ह्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागतो. तो काढलाय का? मला वाटतं नसणार, कारण पू येतोय म्हणजे उपचार संपलेले नाहीत असं म्हणून टाळतात. तिथल्या जिल्हाधिकारी ऑफिसात (तिकडं डीसी म्हणतात) लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी बोलणं म्हणजे काहीच नाही.

तिसरं, इकडं आणलंच तर आपल्याकडं धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, कलम ४१ एए. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला १ लाख ८० हजारापर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारापर्यंत निम्म्यात. एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम हॉस्पिटलनं ह्या फंडात टाकायची असते. रिसेप्शनवर विचारू नका, समाजसेवा अधिकार्‍याला भेटा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हातात घेऊन.

ते साडेतीन लाख तोंडी सांगितले ना, त्याला काडीची किंमत नाही. लेटरहेडवर एस्टिमेट, सहीशिक्क्यासह.

शंकासूर
कुणाला दुखवायचं नाही पण विचारतोच. अशा नावानं फसवणूक लई चालते आजकाल. मागच्या वर्षी आमच्या ग्रुपवर एका बाळाच्या ऑपरेशनसाठी ४० हजार गोळा झाले, नंतर कळलं फोटो दुसर्‍याच पोराचा. ह्या केसची खात्री कुणी करणार? आणि दुसरं, सीपीआरमधे (आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) आपलीच पोरं खाली गाद्यांवर झोपतात, त्यांचं कोण बघणार? धर्म कुठला आहे पोराचा?

गडहिंग्लजची_सून
खात्रीचं विचारलंत ते योग्यच आहे. म्हणूनच पैसे मागितलेले नाहीत आणि फोटो टाकलेला नाही. फोटो टाकणारही नाही, त्याची आई नको म्हणाली, तो मोठा झाल्यावर त्याला ते कुठं कुठं दिसत राहील. कागद डॉ_करवीर आणि कागदवाला काका ह्या दोघांना दाखवीन.

धर्म मी मुद्दाम लिहिलेला नाही आणि लिहिणार नाही. गोळ्यानं विचारला नव्हता.

बिंदूचौक
शाहू महाराजांच्या गावात हा प्रश्न यायला नको होता. १९०१ पासून एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली ह्या माणसानं, मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, दलित. दसरा चौकात फिरताना पाट्या वाचत जावा.

वळिवडे_१९४३
माझी आजी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची. १९४३ ते १९४८ तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाच हजाराच्या आसपास माणसं, जास्त करून बायका आणि पोरं. रशियातनं हाल काढत इराणमार्गे आलेली. आजी सांगायची की सुरुवातीला ती पोरं भाकरीचा तुकडा उशीखाली लपवून ठेवायची, उद्या मिळेल की नाही म्हणून. छावणीत शाळा होती, चर्च होतं, दवाखाना होता. महावीर उद्यानात त्यांचा स्तंभ आहे, आणि तिकडं वॉर्सॉत कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मधे पंतप्रधान तिथं जाऊन आले तेव्हा कोल्हापूरच्या बर्‍याच लोकांना पहिल्यांदा कळलं.

म्हणून सांगतो, शंकासूर, सीपीआरच्या गाद्यांचं तुमचं खरं आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो. पण पाच हजार ठेवून घेतलेल्या गावाला एक जड होणार नाही.

शंकासूर
धर्माचा प्रश्न मागे घेतो. चुकलंच. आजीचं वाचून गप्प झालो. कागद बघून दोघांनी हो म्हटलं की माझे ५ हजार धरा, फक्त हॉस्पिटलच्या खात्यावर.

चंदीगडवासी_कोल्हापुरी
मी नऊ वर्षं इथं नोकरीला आहे, मूळ कसबा बावडा. मला एक कळत नाहीये, पोराला २००० किलोमीटरवर कोल्हापूरला कशासाठी न्यायचं? इथं पीजीआय आहे, केंद्र सरकारची संस्था, जम्मू-काश्मीर, हिमाचल, पंजाब सगळीकडनं पेशंट इथंच येतात, आयुष्मान चालतं, हाड, नस, प्लास्टिक सर्जरी एका आवारात. जम्मूतनं रात्री बसलं की सकाळी इथं. ताई, राग मानू नका.

गडहिंग्लजची_सून
राग नाही. पण मी मनानं त्या खोलीत त्याची खाट पण लावून ठेवली होती. पीजीआयचं नाव जम्मूच्या डॉक्टरांनीपण घेतलं होतं म्हणे. बाप एकदा एकटा जाऊन आला, दोन दिवस रांगेत राहिला, कुठल्या खिडकीवर काय द्यायचं ते कळलं नाही, रात्री फुटपाथवर झोपला आणि परत आला. त्यानंतरच फाईल बांधून ठेवली.

डॉ_करवीर
चंदीगडवासी बरोबर बोलतायत. कागद काल रात्री आले, एक्सरे फिल्मा बघितल्या. (केस खरी आहे, कागदवाला काकांनीही बघितली.) मी स्वतः इथं हे ऑपरेशन करणार्‍यांना ओळखतो आणि कोल्हापूर-मिरज भागात ते चांगलं होतं. तरीपण माझा सल्ला चंदीगडच.

कारण असं. कड्या लावल्यावर दर दोन-तीन आठवड्यांनी एक्सरे, तार सैल झाली तर लगेच धाव. कड्या निघाल्यावरही वाढीच्या पट्टीसाठी वय १५-१६ होईपर्यंत वर्षातून दोनदा दाखवायचं. म्हणजे सहा-सात वर्षं. ती सगळी वर्षं कोल्हापूरला येणं त्या सुताराला झेपणार नाही, पहिल्या वर्षानंतर येणं बंद होईल आणि पाय वाकडा होईल. आणि हाड, नस, कातडी तिन्हीचे डॉक्टर एकत्र बसून ठरवणं ह्या पायाला गरजेचं आहे. कातडी फार पातळ झाली आहे मधे.

गडहिंग्लजची_सून
काल दिवसभर उत्तर दिलं नाही. मिस्टरांशी बोलले, मग त्यांनी पोराच्या आईला फोन जोडून दिला. तिची भाषा पहाडी, माझं हिंदी असं तसं. तिला मी विचारलं कुठं बरं वाटेल. ती म्हणाली ऑपरेशनला मी भीत नाही, त्या इमारतीला भिते, कुणी सोबत असेल तर कुठंही जाईन.

शिरोळकर७१
सैनिक टाकळीचा आहे, सुभेदार म्हणून रिटायर झालो. राजौरी-पुंछ भागात दोन टेन्युअर काढलेत, थोडी पहाडी कळते. आमच्या गावात घराघरात फौजी त्यामुळं हे पोरगं मला परकं वाटत नाही, त्या डोंगरावर अशाच घरातनं आम्हाला चहा मिळायचा. मी आणि मंडळी, दोघं जातो. महिनाभर राहतो. रांग मी लावतो, मंडळी पोराच्या आईसोबत थांबतील. ऊस गेलाय, शेतात आता काही अडत नाही. फक्त राहायची सोय बघा कुणीतरी.

चंदीगडवासी_कोल्हापुरी
सुभेदारसाहेब, पहिले आठ दिवस माझ्याकडं. नंतर पीजीआयजवळ भाड्यानं एक खोली बघतो, पेशंटच्या घरच्यांना देणारे बरेच आहेत, तळमजल्याची बघावी लागेल, कड्या लावलेलं पोरगं जिना कसं चढणार. भाडं आणि डबा हा खरा खर्च आहे. आयुष्मान ऑपरेशनचा देतं, आईच्या भाकरीचा देत नाही. आणि बाप इकडं थांबला तर मजुरी बुडते.

कागदवाला
मग पैशाचं असं करू. ऑपरेशनचा एक रुपया गोळा करायचा नाही, तो कार्डावर. खोलीचं भाडं थेट घरमालकाला, दर महिन्याला एका माणसानं एक महिना उचलायचा, पावती कुटुंबाच्या नावानं. मार्च मी घेतला. कार्डात मुलाचं नाव नव्हतंच, मी म्हटलं होतं, मिस्टरांनी त्यांना सेवा केंद्रात पाठवून परवा जोडून घेतलं. पीजीआयमधे गेल्यावर आयुष्मानच्या काउंटरला आधी जावा, मंजुरी घेतल्याशिवाय बाहेरचं सामान विकत आणू नका, नंतर परतावा मिळत नाही.

रेल्वेचं पण सांगून ठेवतो, सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणार्‍या अपंगाला आणि सोबत्याला स्लीपरमधे ७५ टक्के सवलत आहे, सरकारी डॉक्टरचा रेल्वेच्या नमुन्यातला दाखला लागतो. पुढची सहा वर्षं फॉलोअपला जम्मू-चंदीगड करायचंय तर तो भरून घ्या.

शंकासूर
एप्रिल माझा.

मंगळवारपेठ
मे जून तालीम. बैठकीत पास झालं, एकानंही हात खाली ठेवला नाही.

जि_प_शाळेची_बाई
तो किती महिने शाळेत गेलेला नाही? कुणी विचारलंच नाही. तिसरीत असेल तर कड्यांच्या वर्षात तिसरी चौथी दोन्ही जातील. चंदीगडमधे बसून करता येईल असा अभ्यास हिंदीत काढून देते. पाढे, वाचन, थोडं चित्रकलेचं. पडून लिहायला मांडीवरचं छोटं टेबल असतं ते पण देते. मुलं हाताला काम असलं की ड्रेसिंगच्या वेळी कमी रडतात, हे माझ्या भावाच्या भाजण्याच्या वेळी बघितलंय.

गडहिंग्लजची_सून
तिसरीत होता. बापाकडून करवत चालवायला शिकला होता म्हणे, त्याला काम लागतंच हाताला. बाई, तुमचं टेबल मी शनिवारी न्यायला येते.

ताजी खबर: पावलाला स्प्लिंट जम्मूत बसवून घेतला, डॉक्टरांनी सांगितला तसा. पहिल्या दिवशी काढून टाकला, आता रात्री घालून झोपतो. सुभेदारसाहेब मंगळवारच्या निजामुद्दीन गाडीनं निघणार, तिथनं पुढं चंदीगड. मायलेक त्यांच्या दुसर्‍या दिवशी पोचतील. फाईल मी तीन झेरॉक्स करून तीन पिशव्यांत दिली आहे, फिल्मा कडक पुठ्ठ्यात.

एक राहिलं. १० वर्षांच्या आतल्या पोराच्या उंचीचा वॉकर कुणाकडं आहे का? दुकानात मोठ्या माणसांचेच आहेत, खाली करून पण त्याला उंच होतात.

राजारामपुरी_१०वी_गल्ली
आहे. माझ्या मुलाचा, दोन वर्षं माळ्यावर पडलाय. एका पायाचं रबर गेलंय, ते आज बदलून आणतो. संध्याकाळी ७ नंतर कधीही या.